तुझा लिफाफा माझ्याकडे

घाटंजी, १२ मार्च २०२३

कोकिळाबाई,
जय भीम.

पोचलीस का बोरी अरबला? भगवानरावांनी ओळखलं का, की डोळ्यावरची पट्टी पाहून दुसरीच बाई घरी आली म्हणून खूश झाले? मी बसमधून उतरले आणि माझा भाऊ उकंडा स्टँडवरच हंबरडा फोडून रडायला लागला. लोक गोळा झाले. मी म्हटलं, "अरे भैताडा, एक डोया गेला, जीभ शाबूत हाय." तेव्हा कुठे त्याची खात्री पटली की बहीण तीच आहे.

आता आपला करार. तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतेस, म्हणून सगळं लिहून काढते. उद्या भांडण झालं तर पुरावा असावा.

तुझा डावा आणि माझा उजवा डोळा काढला, दोन्हींत तीच काळी गाठ. लाखात एखाद्याला होणारा रोग, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या दोघी हैदराबादच्या एकाच खोलीत, समोरासमोरच्या खाटांवर. मग ती मराठी बोलणारी समुपदेशक पोरगी आली, आदिलाबादकडची. म्हणाली, काढलेल्या गाठीच्या जनुकांची तपासणी करता येते, रोग पुढेमागे लिव्हरमध्ये जाईल का याचा अंदाज कळतो. क्लास वन म्हणजे धोका कमी, क्लास टू म्हणजे धोका जास्त. मी विचारलं, क्लास टू आला तर औषध काय? ती म्हणाली, अडवेल असं पक्कं औषध अजून नाही, पण लक्ष ठेवता येतं. म्हणजे चोर येणार हे सांगणार, कुलूप मात्र देणार नाही.

त्यांच्या अभ्यासासाठी तपासणी फुकट होती. फुकट म्हटल्यावर आपण दोघींनी सह्या ठोकल्या. सही वाळायच्या आत तू रडायला लागलीस, की तुला काही कळूनच घ्यायचं नाही. मला कळायला हवं होतं, पण लिफाफा माझ्या हातात आला तर मी तो उघडणार नाही हेही माहीत होतं. बाजूच्या खोलीतले पुसदचे देवसिंग काय म्हणाले आठवतं? "चांगलं आलं तं सांगा, वाईट आलं तं पोस्टात हरवून टाका." पूर्ण मजल्यावर तोच एक शहाणा माणूस.

मग तूच अक्कल चालवलीस. पत्त्याच्या रकान्यात तू माझा पत्ता लिहायचा, मी तुझा. त्या पोरीने दोनदा विचारलं, वेगळ्या कागदावर सह्या घेतल्या आणि कपाळाला हात लावून गेली. तर ठरलेलं असं: तुझा लिफाफा मी वाचायचा, माझा तू. आत काय आहे त्याची चाहूलसुद्धा लागू द्यायची नाही. फोन बंद, कारण आवाजावरून कळतं. भेट वर्षभर बंद, कारण तुझं तोंड म्हणजे ग्रामपंचायतीचा फळा आहे, कुणीही वाचावं. फक्त पत्र. कागदावर खोटं बोलायला बरं पडतं.

मी आश्रमशाळेत बावीस वर्षं शिपाई होते. क्लास फोर. आता क्लास वन व्हायची ही शेवटची संधी आहे, बघ काय येतं ते.

तुझी,
नलू

•

बोरी अरब, २१ मार्च

नलूबाई,
रामराम.

ओळखलं बरं का आमच्या यांनी. म्हणाले, "आता तुले माह्या अर्ध्याच चुका दिसतीन." मी म्हटलं, उरलेला डोळा डॉक्टरांनी खास तुमच्यासाठीच ठेवलाय.

गावातल्या बाया भेटायला येतात. मोसंबी आणतात आणि माझ्याकडे न बघता त्या मोसंब्यांशीच बोलतात. घरात आता इतकी मोसंबी झाली आहेत की बैलसुद्धा तोंड फिरवतो. एकीने तर विचारलं, "काढलेला डोया वापस देतात का घरी?" मी म्हटलं, हो, भाजी करायला.

मला कळायला का नको ते तू विचारलं होतंस आणि मी तेव्हा रडत होते म्हणून सांगितलं नाही. वाईट आलं आणि मला कळलं तर ते माझ्या पोटात राहणार नाही. मी सुनेला, प्रेरणाला सांगेन, ती माझ्या लेकाला, अंकुरला सांगेल, अंकुर बापाला. मग सगळे माझ्याशी गोड बोलायला लागतील. चाळीस वर्षांत या घरात माझ्याशी कुणी गोड बोललेलं नाही. मला सवय नाही गं, रोगाच्या आधी मी त्यानेच जाईन.

तुझी पत्रं डाळीच्या डब्यात ठेवते. भगवानरावांना त्या डब्याचा पत्ता चाळीस वर्षांत लागलेला नाही.

कोकिळा

•

घाटंजी, १९ एप्रिल

कोकिळाबाई,

तुझा लिफाफा आला. वाचला. ट्रंकेत ठेवला.

त्यावर एवढंच. आता दुसरं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नवा डोळा लावून गेले. निळी साडी, पांढरी पर्स आणि हैदराबादी डोळा. नाचता नाचता तो जरा फिरला. माझं तोंड बाबासाहेबांच्या रथाकडे आणि डोळा बँजोवाल्याकडे. तो बिचारा अर्धा तास लाजत होता.

आणि मोठी बातमी. घाटंजीच्या शिवेवरच्या आमच्या लहान गावात सरपंचपदाची सोडत निघाली. अनुसूचित जाती, महिला. निवडणूक दिवाळीच्या सुमारास होईल म्हणतात. उकंडा दुसऱ्या दिवसापासून गावभर फिरून राहिलाय, "माही बहीन उभी राह्यते." मला विचारलंसुद्धा नाही. समोर मोनाली आहे, आमच्याच मोहल्ल्यातली, बी. ए. झालेली, चांगली पोरगी आहे. दोन डोळ्यांची आहे.

कोकिळा, मला उभं राहायचं आहे. बावीस वर्षं मी साहेबांना पाणी दिलं, एकदा तरी टेबलाच्या पलीकडे बसायचं आहे. आमच्या तांड्यावर आणि मोहल्ल्यात नळ नाही, शाळेच्या संडासाला दार नाही, हे मला रोज टोचतं. पण पाच वर्षांचं काम आहे. निम्म्यात जाणार असेन तर लोकांचं मत वाया का घालवायचं? म्हणून मला तो लिफाफा हवा होता. माझा तुझ्याकडे आला असेल तर एवढंच सांग, उभी राहू की नको.

नाही. नको सांगूस. करार म्हणजे करार.

नलू

•

बोरी अरब, २ मे

नलूबाई,

तुझा लिफाफाही आला. इंग्रजी कागद, वर त्या पोरीची मराठीत चिठ्ठी. प्रेरणाने वाचून दाखवलं. तिला पोटच्या पोराची शपथ घातली आहे, ती कुणाला सांगणार नाही.

काय लिहू? ऊन फार आहे. शेतात नांगरटी झाली. आमच्या यांचा चष्मा हरवला होता, तो मीच लपवला होता, परत दिला. प्रेरणा चांगली आहे. अंकुर पण चांगला आहे. तूही फार चांगली आहेस, हे मी तुला खाटेवर असताना कधी सांगितलं नाही. तू घोरतेस खरी, पण माणसाने घोरावं.

उभी राहा. काय विचार करत बसली आहेस? नक्की उभी राहा.

आणि एक. मला फार भीती वाटते, म्हणून मी दर तीन महिन्यांनी यवतमाळला जाऊन लिव्हरची सोनोग्राफी करायचं ठरवलंय. तूही कर. वेगळ्या दिवशी जाऊ, म्हणजे भेट होणार नाही. रिपोर्टची झेरॉक्स एकमेकींना पाठवू. तू केली नाहीस तर मीही करणार नाही आणि मग मला काही झालं तर ते पाप तुझ्या माथी.

कोकिळा

•

घाटंजी, २५ मे

कोकिळाबाई,

केली बाई, केली सोनोग्राफी. तुझं पाप माझ्या माथी नको. त्या डॉक्टरने पोटावर थंडगार काहीतरी फासलं आणि विचारलं, काय त्रास आहे? मी म्हटलं, मला काही नाही, बोरी अरबच्या एका बाईला भित्रेपणाचा त्रास आहे, मी तिच्यासाठी आले आहे. लिव्हर साफ आहे. झेरॉक्स जोडली आहे.

तुझं नॉर्मल आलेलं पोचलं. बरं.

उकंडाने प्रचाराला सुरुवात केली आहे. निवडणुकीला सहा महिने आहेत आणि याने आताच चहावर अर्धा डबा साखर संपवली.

नलू

•

बोरी अरब, २७ ऑगस्ट

नलूबाई,

दुसरी सोनोग्राफी झाली, झेरॉक्स पाठवते. तुझीही पोचली. दोघींची लिव्हर गुळगुळीत आहेत असं प्रेरणा म्हणते.

आता मी जे लिहिते ते वाचून रागावू नकोस. मला कळलंय.

तुझी मार्चची चिठ्ठी काढून पाहिली. त्यात माझ्या तोंडाला ग्रामपंचायतीचा फळा म्हटलंस. माझा लिफाफा वाचल्यापासून तू कोरडी झालीस. पत्रं आखूड झाली. "तुझं नॉर्मल आलेलं पोचलं. बरं." म्हणजे काय? हे कुणाला लिहितात? ज्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही त्याला. जुलैच्या पत्रात तर तू माझी तब्येत विचारलीस. तू! नलू, मी क्लास टू आहे ना?

राहू दे, उत्तर देऊ नकोस. मी आवराआवर सुरू केली आहे. प्रेरणाला लोणच्याचं माप दिलं, जे मी मरेपर्यंत देणार नव्हते. यांना डाळीचा डबा दाखवला. ते म्हणाले, "हे काहून दाखवून राह्यली?" मी म्हटलं, उगाच. तर डबा उघडून बसले आणि डाळ निवडायला लागले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला तिथून उठून गोठ्यात जावं लागलं.

मी सकाळी उठते आणि पहिली आठवण ही येते. तुला उभं राहायचं आहे, तू राहा. माझ्याकडे बघून थांबू नकोस.

कोकिळा

•

घाटंजी, ८ सप्टेंबर

कोकिळे बह्याडे,

गेला तो करार चुलीत. तू क्लास वन आहेस. एक. पहिला. ट्रंकेतून तुझा कागद काढून समोर ठेवलाय आणि त्यावरचंच लिहिते आहे. धोका कमी. त्या पोरीने चिठ्ठीत लिहिलंय, "काकूंना सांगा, निश्चिंत राहा." लोणच्याचं माप परत घे. भगवानरावांची डाळ मात्र चालू दे.

मी कोरडी झाले ते खरं आहे. त्याचं कारण सांगते, मग तू हव्या तेवढ्या शिव्या दे. तुझा कागद वाचला आणि मला तुझा राग आला. तू बाई घरात बसून मोसंबी खाणार आणि तुला क्लास वन, आणि माझं काय आलंय ते मला माहीत नाही. दोन महिने जळत होते. मग त्या जळण्याची लाज वाटली, म्हणून तब्येत विचारली. तू वाकडा अर्थ काढून बसलीस. तीन महिने स्वतःची तेरवी करत फिरलीस आणि मी इकडे तुझ्यावर रुसलेली. आपल्या दोघींच्या डोक्यांची तपासणी करायला हवी होती, डोळ्यांची कशाला.

तेव्हा आता सोनोग्राफी बंद. तुझ्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, वर्षातून एकदा पुरे. मेमध्येच हसू आलं होतं मला, की ही वर्षाच्या जागी तीन महिन्यांनी पळते आहे, इतकी भित्री. मला वाटलं तू आपल्या मनानेच

कोकिळा, तीन महिन्यांचं तू कुठून आणलंस?

इथे मी उठून गेले होते. उकंडाच्या बायकोने जेवायला वाढलं, दोन घास खाल्ले, परत आले. तुझा कागद पुन्हा वाचला. सोनोग्राफी किती महिन्यांनी ते कागदावरच असतं. आपण लिफाफे बदलले आणि आत हुकूम पण असतील हे दोघींच्या डोक्यात आलं नाही. तुझ्याकडे माझा कागद आहे. तू दोन मेला घाबरलीस, मार्चच्या पत्रात घाबरली नव्हतीस.

मला हे मेमध्येच कळायला हवं होतं. कळलं असणार. मी तुला भित्री म्हणत राहिले, कारण ते बरं वाटत होतं.

पुढच्या महिन्यात फॉर्म भरायचे आहेत. खरं काय ते लिही. गोड नको.

नलू

•

बोरी अरब, १४ सप्टेंबर

नलू,

हो. क्लास टू.

प्रेरणाने वाचलं तेव्हा मी तिला दोनदा वाचायला लावलं. मग कागद उलटा करून पाहिला, मागे काही चांगलं लिहिलंय का. कोरा होता. धोका जास्त आहे, असं लिहिलंय. होणारच असं लिहिलेलं नाही. कधी, किती दिवसांनी, काही लिहिलेलं नाही. दर तीन महिन्यांनी लिव्हर बघा, काही दिसलं तर लवकर या, लवकर सापडलं तर काही करता येतं. त्या पोरीने चिठ्ठीत खाली लिहिलंय, "नलूमावशींना सांगा, त्यांना कधीही बोलावंसं वाटलं तर माझा नंबर आहे." नंबर या पत्राच्या मागे लिहिलाय. तुझा लिफाफाही सोबत पाठवते. तो तुझा आहे.

माझं चांगलं आलं हे वाचून मी हसले. मोठ्याने. मग तुझ्या पत्राचं पुढचं पान वाचलं आणि त्या हसण्याची इतकी लाज वाटली की यांनी विचारलं, काय झालं? मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. ते बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने आले. म्हणाले, "ते बाई निवडून येईन का?"

तुला वाटेल, हिने माहीत असून मला उभं राहायला सांगितलं. माहीत होतं म्हणूनच सांगितलं. लिफाफा आला नसता तर मी लिहिणार होते, की आराम कर, कशाला या वयात गावाच्या शिव्या खायच्या, पुढच्या वेळी बघू. अर्धं पत्र तसं लिहून ठेवलं होतं. मग लिफाफा आला आणि ते फाडलं. तुला पुढची वेळ आहे असं मी कुठल्या तोंडाने लिहिणार होते?

आता राग काढ. मी इथेच आहे.

कोकिळा

•

घाटंजी, ९ नोव्हेंबर

कोकिळा,

दोन महिने लिहिलं नाही. तुझी तीन पत्रं पोचली. भगवानरावांच्या अक्षरातलं चौथंही पोचलं. त्यात फक्त "सौ. रडते. उत्तर द्यावे." एवढंच होतं. त्यांना सांग, उत्तर देते आहे.

आधी पंधरा दिवस लिफाफा उशाशी घेऊन झोपले. उकंडाला वाटलं, निवडणुकीची धास्ती घेतली. तुझा राग आला, त्या पोरीचा आला, तपासणीच्या मशीनचा आला. मग त्या नंबरवर फोन केला. पोरगी म्हणाली, "मावशी, तो अंदाज आहे, तुमच्यासारख्या पुष्कळ लोकांवरून काढलेला." मी म्हटलं, माझ्यासारखे पुष्कळ लोक असतील तर या देशाचं काही खरं नाही. ती हसली. मलाही हसू आलं, पंधरा दिवसांनी.

फॉर्म भरला. आणि ठरवलं, गावाला सांगायचं. उकंडाने पाय धरले, म्हणाला, "बाई, जिंकल्यावर सांग." मी म्हटलं, सगळेच जिंकल्यावर सांगतात. समाजमंदिरासमोर सभा घेतली, तांड्यावरचे लोकही आले. मी म्हटलं, "मले कॅन्सर झाला होता. एक डोया घेऊन गेला. आता कागद म्हनते का तो परत येऊ शकते. येईन का, कधी येईन, कोनालेच मालूम नाही. ज्याले हे चालत नसन त्यानं मोनालीले मत द्या, पोरगी हुशार हाय."

सभेत उकंडाने डोक्यावर टॉवेल घेतला. तेवढ्यात तांड्यावरची लालीबाई उठली. सत्तरीची बाई, हातभर बांगड्या. म्हणाली, "मांगचे दोन सरपंच ठणठणीत होते. पाच-पाच वर्षं बसले, त्यायनं का केलं? हे दोन वर्षं राह्यली तरी आमच्या तांड्याचा नळ लावून जाईन." मागून कुणीतरी ओरडलं, "बाकीच्या तीन वर्षांत आम्ही पानी पिऊ!" सगळी सभा हसली. मोनालीही तिथे होती, तीही हसली. मी तुला सांगते, माझ्या मरणावर इतकं दिलखुलास हसणं मला या जन्मात ऐकायला मिळालं हे भाग्यच.

तेवीस मतांनी निवडून आले. गुलाल उडवला तो थेट हैदराबादी डोळ्यात गेला. चौकातच काढून धुतला. मिरवणूक थांबली, डीजे थांबला, गावाने माझी खोबण बघितली आणि कुणीही तोंड फिरवलं नाही. मोनालीने पाण्याची बाटली धरली होती. तिला मी म्हटलंय, पाणी समितीचं काम तू बघ, मला एखादे वेळी सुट्टी लागली तर गाव अडायला नको.

तांड्यावरच्या नळाचं पत्र पंचायत समितीत गेलं आहे. संडासाला दार लागलं. त्याला निवडणूक जिंकायचीसुद्धा गरज नव्हती, दोन कब्जे आणि चार स्क्रू हवे होते.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. सोमवारी, वीस तारखेला, यवतमाळला सोनोग्राफी आहे. तिसरी. मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये मी त्या टेबलावर तुझी थट्टा करत झोपले होते. आता झोपायचं ते माझ्यासाठी आहे. गावात सगळे म्हणतात, नलूबाई वाघीण आहे. कोकिळा, मला भीती वाटते. इतकी की परवा सत्काराच्या सभेत आभार मानताना आवाज गेला आणि मी खोकल्याचं नाटक केलं. हे उकंडाला सांगता येत नाही, तो स्टँडवरच्यासारखा रडेल. लालीबाईला सांगता येत नाही, तिला नळ हवाय.

तू ये. तुझी सोनोग्राफी नको, तुझी वर्षातून एकच. तू नुसती ये. दिवाळीचं आवरलेलं असेल तोवर. अकरा वाजता स्टँडवर भेट. आत माझ्याबरोबर चल, डॉक्टर नाही म्हणाले तर सांगेन, सरपंच आहे, बरोबर माणूस लागतो. माझ्या डोक्याशी उभी राहा आणि माझा हात धर. काही बोलू नकोस, एकदा सुरू झालीस की थांबत नाहीस.

आणि मशीनच्या पडद्याकडे बघू नकोस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. या वेळी आधी मला बघू दे.

तुझी,
नलू